अण्णांची क्रमवारी

अण्णांचं वजन बावन्न किलो होतं, तेही थंडीचं जाकीट धरून. जोराचा वारा सुटला की वहिनी त्यांचा दंड पकडून चालायच्या. असा हा माणूस दीडशे-पावणेदोनशे किलोच्या जपानी मल्लांना "आपली पोरं" म्हणायचा. कोल्हापूरचे असते तर कुस्ती रक्तातच आहे वगैरे म्हणता आलं असतं. पण अण्णा चिंचवडचे, आणि आखाड्याच्या मातीला त्यांचा पाय कधी लागला नव्हता. कामासाठी जपानला गेले असताना हॉटेलच्या टीव्हीवर सुमो पाहिलं आणि तेव्हापासून ते कामातून गेले, असं वहिनी सांगत.

दोन हजार बारा साली मी जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या एका कंपनीत रुजू झाले. अण्णा तिथे आधीच आठ वर्षं मुरलेले होते. माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती, आणि यंत्रावर हात ठेवून आवाजावरून बिघाड ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. पहिल्याच आठवड्यात कान्टीनमध्ये ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काल आपला म्हातारा पडला." मी हातातला चमचा खाली ठेवला. घरचं कुणी म्हातारं पडलं, लागलं असेल असं वाटून मी काहीबाही सांत्वनाचं बोलले. समोर बसलेला वोल्फगांग गालात हसत होता. म्हातारा म्हणजे तेहेतीस वर्षांचा एक मल्ल, गुडघा दुखावल्यामुळे वरच्या गटातून दुसऱ्या गटात घसरलेला. अण्णांचा त्याच्यावर फार जीव.

वोल्फगांग आमच्याच विभागातला, सहा फूट चार इंचांचा बव्हेरियन, आणि अण्णांइतकाच वेडा. सुमोची मोठी स्पर्धा दर दोन महिन्यांनी होते. प्रत्येकाच्या पंधरा लढती. आठ जिंकल्या तर मल्ल वर सरकतो, सात जिंकल्या तर खाली. पण नेमका किती वर आणि किती खाली, हे ठरवणारी यादी काही आठवड्यांनी लागते. ती लागेपर्यंत हे दोघं आलेख-कागदावर आपापली यादी मांडत, आणि जेवणाच्या सुट्टीत एकेका नावावर भांडत. ज्याची जास्त नावं चुकतील त्याने पुढच्या स्पर्धेच्या रविवारी अण्णांकडे भांडी घासायची.

"त्याने आठ जिंकल्या, आल्झो तो वर जाणार," असं वोल्फगांग म्हणाला की अण्णा पेन्सिलीने टेबलावर टकटक करत. "जिंकला हे ठीक. पण जागा कुठंय? वरून कोण घसरलं ते सांग आधी." म्हातारा एकदा दुसऱ्या गटातल्या दुसऱ्या क्रमांकावरून आठ जिंकूनही तिथेच राहिला होता, कारण वर जागाच झाली नव्हती. तो दिवस अण्णांनी उपास असल्यासारखा काढला. बरोबरी झाली तर ज्याचा नंबर आधीपासून वर, तो आधी जाणार, हा त्यांचा दुसरा नियम. त्यावर ते कुणाचं काही चालू देत नसत.

स्पर्धेच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही सगळे अण्णांकडे असू. वहिनींचे कांदेपोहे, वोल्फगांगच्या प्रेत्सेल आणि लॅपटॉपवर ओसाका किंवा टोकियो. अण्णांची लेक इरा मराठी समजायची, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "पापा, डेअर इस्ट त्सू आल्ट," याचं वय झालंय म्हणून ती म्हाताऱ्याकडे बोट दाखवायची. "जास्त वय कुणाचं झालंय ते दिसतंय आम्हाला," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत. अण्णा दोघींकडे दुर्लक्ष करून पोह्यांवर लिंबू पिळत.

दोन हजार सोळात आमचे ग्रुपेनलायटर, म्हणजे गटप्रमुख, निवृत्त व्हायचे ठरले. अण्णांची बारा वर्षं झाली होती आणि या पदाने त्यांना दोनदा हुलकावणी दिली होती. त्यांच्या वयाला ही शेवटचीच संधी होती. वरच्यांनी अर्ज दोघांना करायला सांगितला, त्यांना आणि मला. मी नको म्हणणार होते. अण्णा रागावले. "अगं, आखाड्यात उतरायचंच नाही तर कपडे कशाला काढले? कर अर्ज." मग त्यांनी या जागेचाही अंदाज मांडला आणि वोल्फगांगला दाखवला. वर स्वतःचं नाव, खाली माझं. काम सारखंच, पण नंबर त्यांचा आधीचा. त्यांच्या नियमात ते बरोबरच होतं.

पद मला मिळालं.

अण्णांनी हात मिळवला, छान म्हणाले आणि यंत्राकडे वळले. मला त्यांच्याकडे बघवेना. दोन आठवडे मी कान्टीनमध्ये उशिरा गेले. स्पर्धेचा शेवटचा रविवार आला, तेव्हा डोकं दुखतंय असा निरोप पाठवून मी घरीच बसले. साडेनऊला फोन वाजला.

"डोकं दुखत असेल तर गोळी आहे आमच्याकडे. तुझ्या वहिनीने पोहे भिजवलेत. ये."

मी गेले. वोल्फगांग नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होता, वहिनी नेहमीपेक्षा कमी. अण्णांनी आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली आणि आपला कागद माझ्यापुढे सरकवला. म्हातारा या वेळी वर जाईल का, यावर माझं मत हवं होतं. त्यांनी ते याआधी कधीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, जाईल. यादी लागली तेव्हा म्हातारा वर गेला, एकाच स्पर्धेपुरता का होईना.

पुढची तीन वर्षं अण्णा माझ्या हाताखाली होते. सुट्टीचा अर्ज माझ्यापुढे ठेवताना ते उभे राहत, आणि मी "अण्णा, बसा ना हो" म्हणत राही. काम पूर्वीइतकंच चोख. दोन हजार एकोणीसमध्ये त्यांनी निवृत्ती घेऊन चिंचवडला परतायचं ठरवलं. निरोपाचं भाषण मला करावं लागलं आणि ते वाईट झालं.

नंतर पार्किंगमध्ये मी धीर करून विचारलं, "अण्णा, ते पद मला मिळालं तेव्हा तुम्हाला लागलं होतं ना?"

"लागलं की," ते गाडीचं दार उघडत म्हणाले. "चांगले दोन महिने लागलं. विचार वहिनीला, रात्रभर कूस बदलत होतो." मग निरोपाची भेट मागच्या सीटवर ठेवली. "पण त्या रविवारी तू आली नसतीस ना, तर ते कधीच बरं झालं नसतं."