म्यूटवर असताना मी काय बोलले?

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. तरुणपणी तर कोणी अनुभव सांगायला लागलं की मी पुरावा मागायचे, तोही तीन प्रतींत. सरकारी ऑफिसात होते ना... शिवाय दोन कामं एकदम करते म्हणून स्वतःला फार हुशार समजायचे. साहेबांच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली स्वेटर विणायचे. एकदा साहेबांनी माझं मत विचारलं. मी ठामपणे म्हणाले, "अजून आठ टाके कमी करावे लागतील." साहेबांनी ते लिहूनही घेतलं, म्हणजे तेही ऐकत नव्हते.

आता एकाहत्तराव्या वर्षी मी वारज्यातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. कमिटी सात जणांची. मीटिंग रविवारी सकाळी अकराला, मोबाइलवर, कारण खाली हॉलमध्ये यायला कोणाला वेळ नाही. कॅमेरे बंद, माइक बंद. काहीही विचारा, उत्तर एकच – "सॉरी, आवाज तुटला, परत सांगता का?"

त्या रविवारी नऊ वाजताच लिफ्टच्या मेकॅनिकने मला गच्चीवर नेलं. "आजी, दोराच्या तारा तुटायला लागल्यात. आजच बंद करा." मागे त्याने न विचारता लिफ्ट बंद केली, तेव्हा कमिटीने ठराव केला होता – बहुमताशिवाय लिफ्ट बंद करायची नाही. ठराव माझ्याच अक्षरात. आणि त्याच दुपारी चारला पाचव्या मजल्यावर नाईकवहिनींच्या मुलीची मेहंदी, चाळीस पाहुणे.

मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. विचारलं, "लिफ्ट आजपासून बंद. कोणाची हरकत?" शांतता. परत विचारलं. शांतता. डोकं फिरलं माझं. फोन डब्याला टेकवला आणि तोंड मिटून गवार निवडायला घेतली. म्हटलं, बसा.

पाचेक मिनिटांनी पहिल्या मजल्यावरच्या साठ्यांचा आवाज आला. "अहो, ठेवली इस्त्री. एवढं काय ओरडायचं? करा लिफ्ट बंद."

मग अध्यक्ष शेखसाहेब. "ताई, मी केसांना डाय लावतोय हे तुम्हाला कसं... असो. मंजूर."

एकेक करत सगळे. शेवटी नाईकवहिनी, रडवेल्या. "काकू, लाडू वळत होते हो मी. पण ऐकलं. चढतील आमचे पाहुणे जिना."

मला वाटलं थट्टा चालली आहे. बोलायला गेले, तर माइकवर लाल रेघ. मीटिंग सुरू झाल्यापासून मी म्यूटवर होते.

माझ्या नातीने, इराने, रेकॉर्डिंग तीनदा लावून पाहिलं. माझा आवाज कुठेच नाही. साठे बोलण्याआधी नुसती चिडीचूप. साठ्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुम्हीच म्हणालात की – साठे, कॉलर नंतर करा, दोराच्या तारा तुटल्यात, आधी ऐका." शेखसाहेबांना वेगळं ऐकू आलं, नाईकवहिनींना वेगळं. ज्याला त्याला फक्त त्याचंच. मेकॅनिकने कोणाला फोन केला का, तेही विचारलं. नाही.

लिफ्ट बंद झाली. पाहुणे पाच मजले चढले, प्रत्येक मजल्यावर माझ्या नावाने खडे फोडत. सोमवारी मेकॅनिकने दोर उतरवला. मला दाखवायला म्हणून एका जागी नुसता पिळला, तर तुकडा त्याच्या हातात आला.

"किती पाहुणे म्हणालात, आजी?"



इरा म्हणते, नेटवर्कचा घोळ. नेटवर्कला साठ्यांची कॉलर कशी दिसली, ते ती सांगत नाही. मलाही सांगता येत नाही. गवार निवडताना मी मनातल्या मनात या सगळ्यांना बरंच काही म्हणत होते, पण त्यात कॉलर नव्हती, हे शपथेवर सांगते.

आता कमिटी कॅमेरे चालू ठेवते. मी बोलायला लागले की मात्र माना हळूहळू खाली जातात, कोणाचा फोन, कोणाचा पेपर. मग मी काही न बोलता माइक बंद करते. लगेच सहाच्या सहा जण ताठ बसतात.