टोळमावशींचं पुढचं वाक्य

टोळमावशी बेल कोपरानं वाजवायच्या. उभा जन्म नर्सची नोकरी केलेली. धुतलेले हात कशाला लावायचे नाहीत, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. मालवीय नगरात आम्ही वरच्या मजल्यावर, त्या खालच्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, एकट्या. जयपुरात मराठी बोलायला मिळतं म्हणून त्या आमच्याकडे येतात, असं मला वाटायचं. मला तेव्हा बरंच काही वाटायचं.

हे बँकेत अधिकारी. दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे बैठक, आणि मी तिची राणी. भजी मी तळायची, बर्फ मी फोडायची, ह्यांचा ग्लास रिकामा दिसला की तोही मीच भरायची. बिनबाह्यांचा ब्लाउज घालून 'आम्ही बाई पुढारलेले' म्हणून मिरवणारी तेव्हाची मी, ती ठमाबाई, आज भेटली, तर तिचा बॉबकट धरून ओढीन.

मावशी ह्यांना कधी काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात येऊन मलाच सांगायच्या. "पोरी, फार जुन्या काळी योएल नावाचा एक संदेष्टा होऊन गेला. तो दारुड्यांना म्हणाला, जागे व्हा, रडा, टोळ येताहेत. पहिल्यानं टाकलेलं दुसरा खातो, दुसऱ्यानं टाकलेलं तिसरा, तिसऱ्याचं चौथा." मग बोटं मोजत, "पहिला झोप खातो. दुसरा जिभेवरची गोडी. तिसरा चारचौघांतली पत. चौथा काय खातो ते मी वॉर्डात बघितलंय. बाटली तुझा नवरा आणतो, पण ग्लास तू भरतेस."

चौथ्या टोळापाशी मला हसू फुटायचंच. "मावशी, तुमचे टोळ भजी खातात का हो?" असं म्हणून मी त्यांच्या हातावर बशी ठेवायची. त्या बशी घेऊन जिना उतरायच्या.

एका शनिवारी पदर डोक्यावर घेऊन, हवेतली बेल कोपरानं दाबून, मी त्यांची नक्कल केली. बँकेतले एक मराठी गृहस्थ जन्मापासून जयपुरातच वाढलेले. ते गोंधळले. "भाभीजी, मतलब टोल कशाचा? अजमेर रोडवरचा?"

"अहो टोल नाही, टोळ! टिड्डी, टिड्डी!"

सगळ्यांत मोठ्यानं हे हसले. टोळमावशी हे नाव त्या संध्याकाळी पडलं. बारसं मीच केलं.

पुढे टोळ रांगेनं आले. ह्यांची झोप उडाली. कधी आवाज न चढवणारा माणूस भाजीवाल्या भैयावर धावून जायला लागला. बढती हुकली, शनिवारचे पाहुणे यायचे बंद झाले. तरी 'निदान घरातच पितात' असं स्वतःला समजावत मी ग्लास भरतच होते. शेवटी डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. मग रोज सकाळी कोपरानं बेल वाजायची. मावशी ह्यांचं अंग पुसायच्या, कूस बदलून द्यायच्या. 'मी सांगितलं होतं' हे शब्द एकदाही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मी वाट बघत होते. निघाले असते तर बरं वाटलं असतं.

हे गेले. काही वर्षांनी मावशीही भाचीकडे नगरला राहायला गेल्या. लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात जयपुरावर खरेखुरे टोळ आले. आभाळ तपकिरी झालं, गच्चीगच्चीवर लोक थाळ्या बडवायला लागले. थाळी काखेत धरून मी फोन लावला.

"मावशी, तुमचे टोळ आले हो."

"मग भजी घाल त्यांना."

दोघीही हसलो. मग मी विचारलं, "चौथ्या टोळानंतर काय होतं हो?"

"तू कधी ऐकून घेतलंसच नाहीस. पुढे योएल म्हणतो, अजूनही परत फिरा. अजूनही. मी तेवढंच सांगायला यायची, पोरी. टोळ आपले वाटेत लागायचे."

थाळी काखेतून निसटली. तो 'अजूनही' ह्यांच्यासाठी किती वेळा जिना चढून आला होता, आणि दर वेळी मी त्याला भज्यांची बशी देऊन परत पाठवलं होतं.

आता मावशीही नाहीत. समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याचं आयटीतलं जोडपं राहतं. शनिवारी तिकडे बर्फ वाजतो, ते मला इकडे ऐकू येतं. परवा मी त्यांची बेल कोपरानं दाबली. दोन्ही हातांत भज्यांचं ताट होतं. दार त्यातल्या मुलीनं उघडलं.

"आजी, या ना! मतलब... आज जरा पार्टी आहे."

"ठाऊक आहे गं. म्हणूनच आले. एक गोष्ट सांगायचीय, पण शेवट आधी सांगते. तेवढा ऐक, मग हवं तेवढं हस."