खडूची ढाल

कातळावरच्या कोरीव चित्रांचा रखवालदार सव्वीस वर्षांत एकही पुस्तक न उघडता विद्वान झाला होता. लोक त्याला 'आचार्य' म्हणत आणि त्याला तो मान वाटे. देव अक्कल मोजून देतो, तोरा मात्र ज्याचा त्याने उचलून आणलेला असतो, असं त्याच्या बायकोचं मत होतं.

कातळावरच्या रेषा उथळ. फोटोत उठून दिसाव्यात म्हणून तो दर सोमवारी त्यांत खडू भरायचा, तोही काठीला बांधून, उभ्यानेच. वाकणार कोण? वर्षागणिक खडूच्या रेषा मूळ रेषांपासून सरकत गेल्या.

"ही राजाची सेना. बारा सैनिक, हातात भाला, कमरेला ढाल," असं तो पाहुण्यांना सांगायचा, जणू सेनापती हाच.

लग्न होऊन आली तेव्हा बायकोने खडूआधीची ती रांग पाहिली होती. त्या बायका होत्या. एकदा ती म्हणालीही, "अहो, ढाल कुणी कमरेवर धरतं का?"

"तुला स्वयंपाकघरापलीकडचं काय कळतं?"

आता कातळापाशी फलक लागणार होता. मजकूर संग्रहालयाच्या अधिकारी बाई ठरवणार होत्या. आचार्यांनी आपला मजकूर, खाली ठळक नाव घालून, इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात तयार ठेवला होता.

बाई उजाडताच आल्या. "आधी खडू पुसा."

"पुसल्यावर काही दिसत नाही, बाईसाहेब."

"मग तुम्हाला दिसलं कसं?"

आचार्यांनी बायकोला हाक मारली. बादली आणि फडकं अर्थातच बायकोच्या हाती आलं. खडू गेला, तिरपं ऊन पडलं. भाले म्हणजे नुसत्या भेगा निघाल्या आणि ढालींखाली इवले पाय लोंबू लागले.

"हे काय असेल हो?" बाईंनी तिलाच विचारलं.

"कडेवर पोरं आहेत. सगळ्यांची डाव्या कडेवर. उजवा हात कामाला मोकळा लागतो. कोरणारीही बाईच असणार. पुरुषाला कुठे ठाऊक, पोर कुठल्या कडेवर असतं ते."

बाई हसल्या आणि लिहू लागल्या. "म्हणजे त्या काळी पोरं घेऊनच कामाला जात, आणि ते कोरून ठेवण्याजोगं वाटलं कुणाला तरी."

खिशातला कागद खिशातच राहिला.

दोन महिन्यांनी फलक लागला. त्यावर नाव कुणाचंच नाही. बायको डबा घेऊन आली तेव्हा आचार्य पाहुण्यांना तोच वाचून दाखवत होते. "मी तर पहिल्यापासून हेच सांगत आलोय."

तिने डबा ठेवला. खडूची पेटी तिने केव्हाच घरी नेली होती. मुंग्यांच्या वाटेवर रेघ ओढायला खडू बरा पडतो.