रणोजी प्यायला नव्हता

माझा धाकटा भाऊ रणोजीराव आज अडुसष्ट वर्षांचा आहे. त्याच्या गोष्टी माझ्याकडं इतक्या आहेत की एक सांगताना दुसरी पायात येते. आमच्या हळ्ळीतल्या, म्हणजे खेड्यातल्या, शाळेत त्यानं मास्तरांच्या मोडक्या खुर्चीचा पाय असा बसवला होता, की सांधा शोधायला मास्तरांना चष्मा लावावा लागला. पुढं म्हैसूरला येऊन तो जडावकामाला लागला. शिसवी लाकडात खाच पाडायची आणि तिच्यात रंगीत लाकडाचे तुकडे असे बसवायचे, की वरून हात फिरवला तरी कड लागू नये. त्यानं केलेला हत्ती पाहून एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘डोळा ओला वाटतो हो.’ रणोजी म्हणाला, ‘फणसाचं लाकूड आहे साहेब, रडत नाही.’

पण महिन्या-दोन महिन्यांनी त्याला काहीतरी व्हायचं. पाय फाकायचे, जीभ जड व्हायची, भिंत धरून चालायचा. चार-पाच तासांनी पुन्हा साफ. दुसऱ्या दिवशी तोच हात तांदळाएवढा तुकडा कापायचा. तोंडाला कधी वास आला नाही. तरी आम्ही ठरवून टाकलं, हा पितो. वास येत नाही म्हणजे हुशारीनं पितो, हेही मीच म्हणालो. आणि उतारा म्हणून मी काय करायचो? घट्ट डिकॉक्शनची कॉफी, एकामागून एक दोन पेले. थोरला भाऊ देतो म्हणून तो मुकाट्यानं घ्यायचा. मग तोल आणखीच जायचा. मी सगळ्यांना म्हणायचो, ‘किती ढोसलीय बघा, कॉफीनंसुद्धा उतरेना!’

१९८३ सालची आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी. आम्ही म्हैसूरच्या जुन्या शिपायांच्या वंशातली मराठी माणसं. शिपाईगिरी गेली, देवघरात एक तलवार तेवढी राहिली. तिच्यावर हात ठेवून खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम आमच्या घरात कुणी मोडलेला नाही. त्या दिवशी रणोजीला बघायला मुलीकडचे आले होते. सोयरेधायरे धरून तीस-पस्तीस माणसं. पोरगा आधीच घाबरलेला, त्यात पाहुण्यांबरोबर तीनदा कॉफी. आरतीच्या वेळी तबक घेऊन निघाला आणि उंबऱ्याशी झोकांडी गेली. कुंकू, फुलं, सगळं मुलीच्या बापाच्या धोतरावर.

मी त्याला दंडाला धरून तलवारीपुढं उभं केलं. म्हटलं, ‘हात ठेव आणि सांग, पुन्हा पिणार नाही.’

त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. जड जिभेनं म्हणाला, ‘अण्णा, प्यायलोच नाही, तर पुन्हा पिणार नाही कसं म्हणू? खोटं होईल की.’

नीट ऐकलं असतं तर हे वाक्य पुरेसं होतं. मला ऐकू आला तो नकार. भर घरात म्हणालो, ‘मग ह्या तलवारीला पुन्हा शिवू नकोस.’ पाहुणे जेवले नाहीत. बातमी कारखान्यात पोचली, जडावकाम सुटलं. रणोजी म्हैसूरजवळ बेळगोळला एका कंपनीच्या गेटवर राखणदार झाला आणि तिथंच खोली घेऊन राहिला. लग्न झालं नाही. दर आयुधपूजेला यायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहून नमस्कार करायचा, प्रसाद घेऊन जायचा. अशी चाळीस वर्षं.

यंदा मार्चमध्ये माझी नात यशस्विनी दहावीचा गणिताचा पेपर देऊन कुवेंपुनगरच्या आमच्या घरी आली. रिक्षातून उतरली आणि फाटक धरून उभी राहिली.

‘अज्जा, जमीन हलते की.’

जीभ जड. पाय फाकलेले. हुबेहूब रणोजी, आणि तरी बायकोला म्हणालो काय? ‘गिरिजा, कॉफी आण!’ पोरीनं पेला संपवला आणि अर्ध्या तासात तिला बसताही येईना.

मेंदूच्या डॉक्टर वनजा यांनी तपासण्या केल्या, नातीचं रक्त बाहेरगावी पाठवलं, आणि निकाल आल्यावर मला कानडीत समजावलं. मज्जापेशीतून विजेचा निरोप धावत तिच्या टोकाला येतो. पण पुढची पेशी तिला चिकटलेली नसते, मध्ये बारीक फट असते. टोकाच्या भिंतीत दारं असतात, खास कॅल्शियमसाठी. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. निरोप आला की दार क्षणभर उघडतं, कॅल्शियम आत घुसतं, त्याच्या येण्यानं आत तयार असलेल्या रसायनाच्या पुड्या फटीत रिकाम्या होतात, आणि निरोप पलीकडं पोचतो. लहान मेंदू चाल आणि तोल सांभाळतो. तिथली ही दारं यशस्विनीच्या जन्मापासून सदोष आहेत. एरवी निभावतं. मनावर ताण आला, फार दमलं, कॉफी झाली, की ताळ सुटतो.

मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्याची दारं उघडली-लावली. पाणी पोचलं नाही की लोक पाण्याला शिव्या द्यायचे, मी वंगणाचा डबा घेऊन दाराकडं जायचो. त्या बाईंचं बोलणं मला पहिल्या दमात कळलं. कळलं आणि बसलो होतो ती खुर्ची टोचायला लागली.

त्यांनी विचारलं, ‘हा दोष घराण्यातून येतो. घरात आणखी कुणाला?’

माझा मुलगा विश्वजीत म्हणाला, मला फक्त अर्धशिशी. गिरिजाबाईच म्हणाल्या, ‘रणोजी भाऊजींना. आम्ही त्यांना दारुडे म्हणायचो.’

पुढं माझं आणि विश्वजीतचं रक्त तपासल्यावर कळलं, दोष माझ्याकडून मुलाकडं आणि त्याच्याकडून नातीकडं गेला. म्हणजे तेच दार माझ्याही डोक्यात होतं, फक्त कधी अडलं नाही. शुद्धीत सरळ चालायचा मला केवढा गर्व!

बेळगोळला गेलो. रणोजी दारात बसून भाजी निवडत होता.

‘अण्णा, वाट चुकलास काय?’

सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. ‘म्हणजे ह्याला नाव आहे म्हण की.’

‘आहे.’

‘आणि कॉफीनं वाढतं?’

‘हो.’

‘अय्यो!’ तो खोकला येईपर्यंत हसला. ‘तुझ्याच हातची ना रे ती!’ मला हसता आलं नाही. मग त्यानं एकच विचारलं, ‘पोरीला कुणी काही बोललं नाही ना?’

‘नाही.’

‘मग चल. रक्त द्यायचं ना?’ आणि पायात चपला घातल्या.

दोष तोच निघाला. दोघांना एकच गोळी आहे. नातीचे झटके एखाददुसऱ्यावर आले. रणोजीला पाच महिन्यांत एकही नाही. परवा त्यानं पटाशी हातात घेतली, लाकडाकडं पाहिलं आणि ठेवून दिली. हात आहे, आता नजर नाही.

यंदाच्या आयुधपूजेला मी त्याला उंबऱ्याच्या आत बोलावलं. तो आला. मी तलवारीवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘रणोजी कधी प्यायला नव्हता. मी चुकलो.’

त्यानं तलवारीला हात लावला नाही. देवघरात एकदा नजर फिरवली. गिरिजाबाई, विश्वजीत, यशस्विनी आणि मी.

‘अण्णा,’ तो म्हणाला, ‘तेव्हा घर भरलं होतं. आज चौघंच आहेत.’

तो बरोबर बोलला. त्या दिवशीच्या तीस-पस्तीस माणसांपैकी किती उरली, ते मी बसून आठवलं. अकरा. कुणी बेंगळुरूला, कुणी तंजावरला, दोघं अंथरुणाला खिळलेली. ती मुलगी कुठं आहे, मला माहीत नाही. आमच्या समाजाच्या ह्या दिवाळी अंकात मी हे लिहितो ते त्या अकरा जणांसाठी. ज्यांना दिसत नसेल, त्यांना घरच्यांनी वाचून दाखवावं.

छापायला देण्याआधी रणोजीला वाचून दाखवलं. म्हणाला, ‘हत्तीची गोष्ट कशाला घातलीस? लोक तिथंच थांबतील. तलवारीवर हात ठेवून म्हणालास ते वाक्य आधी घाल.’

म्हणून ते सगळ्यात वर, मथळ्यातच घातलं आहे.