सांधा नसलेला पूल

माने सर पुलावर बोलत नसत. गाडीत कितीही वाद रंगलेला असो, पूल आला की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे आणि टोकाला फट ठेवून केलेल्या सांध्यावर चाक आपटलं की कपाळाला आठी घालायचे. पूल संपल्यावर निकाल यायचा, "सांध्यातनं पाणी गेलंय. खालची बेअरिंगं कुजली असणार की." जावयाच्या गाडीतही हाच प्रकार.

कोल्हापुरात त्यांचं पुलांच्या डिझाइनचं ऑफिस होतं आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांचा एकच हट्ट होता, सांधा नसलेला पूल. आत तारा ताणून आवळलेले काँक्रीटचे गर्डर, वरचा रस्ता आणि टोकाच्या भिंती, सगळं एकजीव करायचं. उन्हानं पूल वाढला तर भिंतीमागच्या मातीनं ते सोसायचं. बैठकांत लोक हसायचे. सर चिडायचे. "आपण भितोय म्हणून सांधा ठेवतोय. पुलाला त्यो नगो हाय."

शेवटी शिरोळकडच्या त्यांच्याच गावच्या ओढ्यावर तसा पूल झाला. सुरू झाला त्या दिवशी सरांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, स्कूटरवरून पलीकडे नेलं. वहिनी म्हणाल्या, "अवो, पूल कुठं हाय?"

"गेला की मागं," सर म्हणाले. त्यांना एवढं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढं त्या रस्त्यावरच्या सगळ्या पुलांचे सांधे दुरुस्त करायचं काम निघालं. सरांना कुणी विचारलं नाही. टोळीला या पुलावर सांधा सापडेना, तेव्हा तो डांबराखाली बुजला असणार असं ठरवून त्यांनी मशीन लावली, दोन्ही टोकांना पूल कापला आणि फटीत रबराची नवी पट्टी बसवली. आम्ही पोचलो तेव्हा मुकादम खुशीत होता. "बुजला हुता सायेब, आमी मोकळा केला."

सर कठड्याला टेकले. "बुजला न्हवता रं बाबा. न्हवताच त्यो."

पुन्हा जोडता येईल ना, असं मी विचारलं. "वरच्या सळया तुटल्या. ज्याच्या जोरावर हुबा हुता तेच गेलं," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

पावसाळ्यानंतर गर्डरच्या टोकांना भेगा पडल्या. उसाच्या ट्रॉल्यांना बंदी आली. चौकशीत ठरलं की डिझाइनच फसलं, असले प्रयोग पुन्हा नकोत. कापाकापीला त्यात 'दुरुस्ती' म्हटलं होतं. मला आजही संताप येतो आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही. सरांनी ऑफिसला येणं सोडलं, मग जेवणही तुटत गेलं. भेटायला गेलो की एवढंच विचारायचे, "पुलावर चाकाचा आवाज येतोय का रं अजून?" मी हो म्हणायचो. खोटं त्यांना चाललं नसतं.

मिरजेच्या दवाखान्यात ते गेले. गावी न्यायचं म्हणजे त्याच पुलावरून. रुग्णवाहिकेत वहिनी आणि मी. पूल जवळ आला तसे कुणी न सांगता आम्ही गप्प झालो. वहिनींनी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. चाक आपटलं आणि डोकं हातातल्या हातात हललं.

"लागलं असंल ह्यांना," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या टोकाचा सांधा अजून यायचा होता.