संकट घेऊन जाणारा मासा

दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, वास्तुदोष जावा म्हणून दिवाणखान्यात फिश टँक ठेवलाय. त्यात सिक्लिड मासे अक्षरशः कोंबलेत. खाणं पडलं की दांडगे तुटून पडतात. पोट खपाटीला गेलेला एक पिवळा मासा फिल्टरमागून हलतही नाही. काल मी दांडग्यांना एका टोकाला दाणे टाकून गुंतवलं आणि चिमूटभर त्याच्यासमोर सोडले. भीत भीत बाहेर येऊन त्याने एक दाणा टिपला.

"कशाला लाड करतोस त्याचे?" दाजी म्हणाले. "मेला तर बरंच आहे. मासा मेला की घरावरचं संकट घेऊन जातो."

शिसारी आली मला. एवढं भरलेलं घर, आणि त्याची इडापिडा वाहायला हे उपाशी पोट! त्या घरावरचं संकट मला काही दिसलं नाही. माशावरचं मात्र सोफ्यावर पाय पसरून कांदेपोहे खात होतं.