भिंगरीच्या ओठांवरचे ठिपके

बाईच्या हातात जादू होती, यात वाद नाही. वांग म्हणू नका, मुरमांचे व्रण म्हणू नका, डोळ्यांखालची काळी वर्तुळं म्हणू नका, तिच्या खुर्चीत बसलेली बाई उठायची ती नव्या चेहऱ्यानेच. दोन खुर्च्यांचं पार्लर, पण नवऱ्या मुली कुठून कुठून यायच्या. तिचा नवरा वायरमन. तो म्हणायचा, "हिच्या हाती भिंत दिली ना, तर भिंतीची ओलसुद्धा दिसायची नाही कुणाला."

ही कला ती शिकली स्वतःच्या ओठांवर. लहानपणी तिच्या ओठांवर आणि तोंडाभोवती काळपट तपकिरी ठिपके होते. शाळेतली पोरं 'शाईखाऊ' म्हणून पिच्छा पुरवायची. तिच्या आईलाही तसेच ठिपके होते म्हणे. पण ती बिचारी पोटाच्या कसल्याशा दुखण्याने तरुणपणीच गेली, लेकीची बाजू घ्यायला कुणी उरलं नाही. मोठेपणी ठिपके पुसट झाले, राहिलेले लिपस्टिकखाली गेले. पण ते चिडवणं तिच्या डोक्यातून काही गेलं नाही.

मग तिला मुलगी झाली. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. भिंगरी बोलायला लागली आणि तिच्या ओठांवर तेच ठिपके उमटले. बाईला 'शाईखाऊ' आठवलं. माझ्या पोरीला कुणी काही बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी वेणी झाली की भिंगरी मान वर करून ओठ पुढे करायची आणि आई बारीक ब्रशने ओठांच्याच रंगाचं कन्सीलर लावायची. "चाटायचं नाही हं," एवढं बजावलं की पोरगी दप्तर घेऊन पसार.

भिंगरीचं पोट दुखायला लागलं ते पहिलीत असताना. कळ यायची, पोरगी पोटाशी गुडघे घेऊन पडायची, आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशी उठायची. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, जंत. जंतांचं औषध झालं. मग म्हणाले, पित्त. मग दूध बंद केलं, मग गहू बंद केला, मग तळलेलं. खाण्यावर एवढा पहारा ठेवूनही पोरगी वाळत चालली आणि पांढरीफटक पडली, म्हणून रक्त वाढायचं औषध सुरू झालं. वायरमनला आधी वाटलं, शाळा बुडवायची नाटकं. पण एकदा कळ आली तेव्हा पोरीने त्याचा दंड असा काही आवळला, की त्यानंतर त्याने नाटकाचं नाव काढलं नाही.

डॉक्टर वाईट नव्हते हो. पोट दाबून बघायचे, जीभ काढायला लावायचे, काय खाल्लं ते विचारायचे. पण ओठांवर त्यांना काय दिसणार, कपाळ? दवाखान्यात न्यायचं म्हणजे आई आधी पोरीचे ओठ करून द्यायची. चार माणसांत न्यायचं तर नीटनेटकं नको का? आता काय बोलायचं माणसाने!

एका दुपारी पार्लरमध्ये नवरी खुर्चीत होती आणि भिंगरी कोपऱ्यातल्या बाकड्यावर पडली होती. एकाएकी ती किंचाळली. बाई धावली तोवर पोरीने हिरवी उलटी केली. पोट फळीसारखं ताठ. अर्धा चेहरा झालेली नवरी तशीच खाली उतरून रिक्षा थांबवायला पळाली. बाईने पोरीचं तोंड धुतलं. ओठ उघडे पडले. आणि ऐका, रिक्षा दारात उभी, पोरगी वेदनेने वेडीवाकडी होतेय, आणि या बाईचा हात ब्रशकडे गेला. सवयच ती. दोन फटकारे मारले आणि मग लेकीला उचललं.

मोठ्या हॉस्पिटलातही आधी अपचन, बाहेरचं खाणं, हीच चौकशी. सलाईन लागलं, वायरमन कामावरून धावत आला. मग सर्जनबाई आल्या. त्यांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आ कर बाळा." टॉर्च तोंडात फिरला. गालाच्या आतल्या बाजूला थांबला. तिथे कुणाचा ब्रश कधी पोचला नव्हता. "हे ठिपके बाहेरही आहेत का?"

"नाही," बाई चटकन म्हणाली.

सर्जनबाईंनी ओला बोळा घेतला. बाईने त्यांचा हात धरला. "नको ना, पुसू नका." त्यांनी हात सोडवला आणि पुसलं. बोळ्याला रंग आला. ओठांवर काळे ठिपके उभे राहिले.

"ही पोटाची साधी तक्रार नाही. असे ठिपके ज्यांना असतात त्यांच्या आतड्यात गाठी वाढतात. त्यातल्या एका गाठीने आतडं ओढलंय. स्वेटर काढताना बाही आत जाते ना, तसं एकात एक शिरलंय. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. हा आजार घराण्यातून येतो."

"ठिपके आधी दिसले असते तर?" बाईने विचारलं.

सर्जनबाईंनी रंगलेला बोळा ट्रेमध्ये टाकला. "तर आधी शोधलं असतं."

पोरीला आत नेलं. बाहेर बाई भिंतीला टेकून खाली बसली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. वायरमनने तिचे दोन्ही हात धरून ठेवले. "मी केलं रे हे. माझ्या हातांनी केलं," ती म्हणत राहिली. "मीही रोज बघत होतोच की," तो म्हणाला. याहून वेगळा धीर त्याच्याजवळ नव्हता.

आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला. पोरगी जगली. पण सुटका झाली असं नाही. आतड्यात अजून बारीक गाठी होत्या, पुढे कुठेही वाढू शकतील अशा. जन्मभर तपासत राहायचं. हे सगळं सर्जनबाईंनी कॉटशी बसून समजावलं आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचं पोट कधी दुखतं का?"

"छे! मला काय धाड भरलीय?"

"खोटं," उशीवरून भिंगरी म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "पार्लरचं दार लावून खाली बसते ती. तोंडात टॉवेल धरते. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस."

वायरमन बायकोकडे वळला. बाईने लेकीची चादर उगाच सारखी केली.

"कधीपासून?" सर्जनबाईंनी विचारलं.

"हिच्या जन्माच्या आधीपासून," ती म्हणाली.